बाळंतिणीच्या खोलीतला कोबा

आमच्या आईला विजेतलं काही कळत नसे आणि बाबांना बाळंतपणातलं. तरी दोघांनाही दोन्हींतलं सगळं कळतं, असा दोघांचा ठाम समज होता. माझ्या पहिल्या बाळंतपणात हे दोन जाणकार एकाच खोलीत येऊन भिडले. खोली परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घराची, आतली, दोन बाजा टाकल्या की भरून जाईल एवढी. तिच्या कोब्याखाली बाबांनी तापणारी तार पुरली होती. हल्ली लोक मला सांगतात, "अंडरफ्लोर हीटिंग करून घेतलंय, एकदम लग्झरी!" तेव्हा मला हसू येतं. आमच्याकडे लग्झरी-बिग्झरी काही नव्हती, आमच्याकडे ते भांडण होतं.

बाबा मिलमध्ये वायरमन होते. वायरमन म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, "इलेक्ट्रिक खात्यात" म्हणायचं. मिल बंद पडली तेव्हा सगळे म्हणत होते, चालू होईल, सरकार घेईल, कोणीतरी सेठ घेईल. कोणीही घेतली नाही. बाबांच्या बरोबरच्या कोणी पोह्यांची गाडी लावली, कोणी टेम्पो चालवायला लागलं, कोणी नुसतेच गेटसमोरच्या टपरीवर बसून राहिले. बाबा बसणाऱ्यांतले नव्हते. ते घरातल्या चांगल्या चालत्या वस्तू उघडायला लागले. पंखा उघडला, मिक्सर उघडला, शेजारची इस्त्री मागून आणून उघडली. आई म्हणायची, "मिल बंद पडली ती पडली, आता माझं घरही बंद पाडा."

मग शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या कॉलन्या उठल्या आणि बाबांना बंगल्यांच्या फिटिंगची कामं मिळायला लागली. पीथमपूरकडे कारखाना काढलेल्या एका सेठनं परदेशातून एक चीज आणली होती, बाथरूमच्या मार्बलखाली पुरायची तार. स्विच लावला की तार तापते, तारेनं काँक्रीट तापतं आणि सकाळी सेठजींचे पाय गार पडत नाहीत. दोन बाथरूमसाठी दोन गुंडाळ्या होत्या. एक बाबांनी सोबतच्या कागदावरची चित्रं बघून बघून बसवली. दुसरीच्या वेळी सेठाणी आडवी आली, "नहाने की जगह करंट? ना भिया ना." ती गुंडाळी त्यांच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडली, आणि शेवटी सेठच म्हणाला, "ले जाओ भिया, तुम्हारे ही काम आएगी." बाबांनी ती सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणली. आईला वाटलं, कपडे वाळत घालायची दोरी आहे.

मला दिवस गेल्याचं कळलं आणि बाबांनी त्या गुंडाळीवरची धूळ पुसली. त्याला कारण होतं. आपल्याकडे बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणजे बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची, ओव्याची नि बाळंतशेपेची धुरी द्यायची, आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावायच्या. माझ्या जन्माच्या वेळी आई अशाच बंद खोलीत होती. बाबा मिलमधली पाळी संपवून आले, दार लोटलं, तर आई हाकेला ओ देईना आणि मी शेजारी निपचित. त्यांनी दोघींना उचलून अंगणात आणलं. मोकळी हवा मिळाल्यावर मी रडले, आई उठून बसली, आणि पहिलं काय बोलली असेल तर, "बाळंतिणीला उघड्यावर कशाला आणलंत?" आई म्हणे, चक्कर आली होती, बाळंतिणीला येतेच. बाबा म्हणत, कोळशाच्या गॅसनं दोघी गेल्याच होत्या. माझं जेवढं वय, तेवढं हे भांडण जुनं. आपल्या लेकीच्या बाजेखाली शेगडी येणार नाही, हे बाबांनी ठरवलं होतं. आणि शेगडीशिवाय बाळंतपण होऊच शकत नाही, हे आईनं.

ओटी भरून मी सातव्या महिन्यात माहेरी आले तोवर काम होऊन गेलं होतं. जुन्या कोब्यावर थर्माकोल, त्यावर लोखंडी जाळी, जाळीला बांधलेली नागमोडी तार आणि वर चार बोटं काँक्रीट. थर्माकोल कशाला, तर नाहीतर सगळी ऊब खाली जमिनीत उतरते. "आपल्याला नातीला ऊब द्यायची आहे, पाताळाला नाही," बाबा म्हणाले. नात होणार हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

सगळं खरं, पण जमीन वर आली आणि खोलीचा उंबरा तिच्यात बुडाला. दाराची फळी खालून तासावी लागली. आईनं मला ओवाळायच्या आधी ते दाखवलं. "बघ तुझ्या बाबांचे प्रताप. बिनउंबऱ्याची खोली कधी पाहिलीस? धर्मशाळा आहे का ही, कोणीही यावं नि घुसावं? सणावाराला हळदकुंकू कुठे वाहू, यांच्या थर्माकोलला?"

"दारालाच वाहा," बाबा म्हणाले.

"तुम्ही तर बोलूच नका."

काँक्रीटला भरपूर दिवस पाणी मारून, मग पुरतं वाळवून बाबांनी एका दुपारी स्विच लावला. आम्ही तिघं अनवाणी उभे. थोडा वेळ गेला, आणखी थोडा गेला, कोबा आपला गारढोण. आई म्हणाली, "झालं? मग मी कणीक भिजवते." बाबा कान खाजवत तिथेच बसून राहिले. मग संध्याकाळी लाइट गेली. तेव्हा ती रोजच जायची, आणि गेली की माहेरपणाला आलेल्या लेकीसारखी परतायचं नाव नाही. आई मेणबत्ती शोधायला आतल्या खोलीत गेली ती बाहेरच येईना. मी डोकावले तर ही अंधारात उभी.

"काय गं आई?"

"काही नाही. मेणबत्ती शोधतेय."

मेणबत्ती तिच्या हातात होती. मी पाऊल आत टाकलं तर कोबा छान कोमट, तापलेला तवा उचलल्यावर खालचा ओट्याचा दगड लागतो तसा. बाबा बाहेरून म्हणाले, "काँक्रीट उशिरा तापतं नि उशिराच निवतं. लाइट जाऊ दे, चार-पाच तास बघायला नको. काही माणसं मात्र लगेच तापतात आणि निवतच नाहीत." आईनं मेणबत्ती पेटवली. पण शेगडीचे कोळसे तिनं आणून ठेवलेच होते, ते काही परत केले नाहीत.

आणि मग आठव्या महिन्यातच माझी मुलगी झाली. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्यात. आई माझ्यासमोर बोलली नाही, पण दवाखान्याच्या जिन्यात पदर तोंडाला लावून बसलेली मी तिला पाहिली. मुलगी म्हणजे एवढीशी. बाबांच्या एका तळहातावर मावेल आणि वर जागा उरेल. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि ऐन पौषाच्या थंडीत एकदाची घरी न्या म्हणाले. डॉक्टरीणबाई कडक होत्या. आईकडे बघूनच बोलल्या, "ठंड बिल्कुल नहीं लगनी चाहिए, और कोयले की सिगड़ी भी बिल्कुल नहीं. ये बच्ची धुआँ नहीं झेल पाएगी. पाँव छूते रहना. पाँव ठंडे लगें और गरम न हों, तो सीधे यहाँ ले आना, इंतजार मत करना."

आई घरी आली आणि शेगडी उचलून तिनं मागच्या अंगणात नेली. तोंड एवढं फुगलेलं, पण नेली. बाबा तेवढ्यात स्विच लावायला आतल्या खोलीत गेले. शहाणे होते.

मी आणि मुलगी कोब्यावरच पातळ गादी टाकून झोपायचो. आईला ती दुसरी शरम. घरात बाज असून बाळंतीण जमिनीवर! बाबा पहाटे स्विच लावत, ऊन वर आलं की बंद करत, संध्याकाळी पुन्हा लावत. डॉक्टरी थर्मामीटर नव्हे, भिंतीवरचा एक जुना थर्मामीटर त्यांनी गादीशेजारी टेकून ठेवला होता आणि येता-जाता वाकून बघत. आम्ही तिघं मिळून त्या पोरीचे पाय चाचपायचो. आई चाचपून गेली की बाबा, बाबा गेले की मी. देवाशप्पथ सांगते, त्या दिवसांत आमच्या घरात तिच्या पायांशिवाय दुसरा विषय नव्हता. रविवारी आमचे हे देवासहून येत, त्यांनाही आल्या आल्या हात धुवून पायच बघायला लावत. पाय गरम असले की सगळ्यांना भूक लागायची.

पण गल्लीत बातमी फुटली. अमक्याकडे जमीन गरम आहे! झालं, बायकांची रीघ लागली. बाळ बघायला म्हणून यायच्या, दारात चपला काढून कोब्यावर पाय ठेवून, "हाय राम, सच्ची में गरम है!" म्हणायच्या. मग बाळाकडे बघून, "कितनी छोटी है!" आईला ते "कितनी छोटी" काळजात लागायचं. त्यात एक दिवस मुलीनं दूध ओढलं नाही. किरकिरत राहिली, मग थकून गप्प पडली. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, पण तिचं समाधान होईना.

आमच्याकडे मालिशला एक माळवी बाई यायची. फार मायाळू होती, फक्त तोंडाला विश्रांती नव्हती. ती म्हणाली, "भाभीजी, जच्चा के कमरे की देहरी में लोहे का कीला ठोकते हैं, नजर भीतर नी आए. तुम्हारे यां तो देहरीच नी है. नजर तो सीधी अंदर आएगी ना."

"मग काय करू गं?" आई काकुळतीला आली.

"जां देहरी थी, वां ठोक दो. जगह तो वोच है."

दुपारी बाबा कामावर गेले होते, पण मुलगी किरकिरी म्हणून त्या दिवशी त्यांनी स्विच चालूच ठेवला होता. मी मुलीला कुशीत घेऊन डुलक्या काढत होते. ठक् ठक् आवाजानं डोळे उघडले, तर दारात आई बसलेली, हातात हातोडी. मी "आई" म्हणेपर्यंत आणखी एक घाव बसला आणि बोर्डातला एक स्विच खट् करून खाली पडला. आईचा चेहरा उजळला.

"ऐकलास आवाज? तुटली बघ नजर!"

आणि योगायोग असा की थोड्या वेळानं मुलगी दूध प्यायली. आई खूष. खिळ्याच्या डोक्यावर तिनं हळदकुंकू वाहिलं, वर एक शेवंतीचं फूल ठेवलं, आणि मलाही बजावलं, "बाबांना सांगू नकोस, हसतील."

बाबा संध्याकाळी आले. स्विच खाली पडलेला पाहून त्यांनी वर केला, तो पुन्हा पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. करंट जरासा गळला तरी आपोआप तोडणारा तो स्विच त्यांनी मुद्दाम बसवला होता. मिलमध्ये एका ओल्या खात्यात माणूस शॉक लागून जाताना त्यांनी पाहिला होता, तेव्हापासून त्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतींपासून तार वीतभर लांब ठेवली होती, पण दाराशी गार वारा येतो म्हणून तिथे मुद्दाम एक जास्तीचा वेढा घातला होता. त्यांची नजर शेवंतीच्या फुलावर जाऊन थांबली.

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. ते आईजवळ गेले आणि म्हणाले, "हात दाखव."

"अहो, काय झालं?"

"दोन्ही हात दाखव आधी."

आईनं घाबरत हात पुढे केले. बाबांनी ते उलटेसुलटे करून बघितले आणि मग मटकन खाली बसले. "लोखंडी खिळा, लोखंडी हातोडी," एवढंच म्हणाले. मग हळूहळू आईला कळलं की काय तुटलं होतं. आधी स्वतःचं काय झालं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिनं वाकून कोब्यावर हात ठेवला. अजून ऊब होती, पण ती आता उतरणीला लागली होती.

"किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"तार जोडीन आजच. पण सिमेंट भरावं लागेल. ते धरेपर्यंत दोन दिवस तरी."

"दोन दिवस! म्हणजे पोरीला मीच..." आणि आई रडायलाच लागली. मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं. "आठव्यातली पोर, देवानं हाती दिली आणि मी कपाळकरंटी तिच्या खोलीला खिळे ठोकत बसले!"

"रडून कोबा तापणार आहे का?" बाबा उठले. "टॉर्च धर."

ते दोन दिवस मला अजून अंगावर आठवतात. बाबा छिन्नीनं टवके काढत होते, आई टॉर्च धरून. नंतर ती उठली, हातपाय धुतले, पदराआड मुलीला उघड्या छातीशी घट्ट धरून वर दोन रजया ओढून बसली. दवाखान्यातल्या नर्सनं असं शिकवलं होतं. मग मी, मग पुन्हा आई. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हाताला पाय गार लागले. बाबांनी सायकल काढली, रिक्षा बघायला. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की जिच्या छातीशी पोर होती, ती मीच गार पडलेय. त्यांनी सदरा काढला, पोरीला आपल्या छातीवर घेतलं आणि शाल पांघरून उन्हात पायरीवर बसले. छातीवरचे पांढरे केस तिच्या नाकात जाऊन ती शिंकली. आई दर मिनिटाला शालीत हात घालत होती. "येतेय," ती म्हणाली. मग म्हणाली, "आली ऊब." मी तिथेच भिंतीला टेकून बसले.

दुपारपर्यंत सिमेंट धरलं होतं. बाबांनी मिलमधल्या एका जुन्या सोबत्याकडून तारेची गळती मोजायचं मीटर आणलं. लावून बघितलं, पुन्हा बघितलं. "ठीक दाखवतंय," म्हणाले. पण समाधान होईना. मीटर मिलमधलंच जुनं, आणि निजणार कोण, तर नात. त्यांनी मधोमध तांब्याभर पाणी ओतलं, पायजमा वर खोचला, चपला काढल्या आणि त्या ओल्यात जाऊन उभे राहिले. आईला म्हणाले, "लाव स्विच."

बोर्ड दाराच्या आतच होता. आईचा हात बोर्डापाशी जाऊन थांबला. "आधी तुम्ही बाहेर या, मग लावते."

"बाहेर येऊन कसं कळेल?"

"मीटरनं सांगितलंय ना ठीक आहे म्हणून!"

"मीटरनं सांगितलंय. मी अजून सांगितलेलं नाही. लाव."

"मी नाही लावायची. तुम्हाला काही झालं तर? नाही म्हणजे नाही."

मी पायरीवर मुलीला छातीशी घेऊन बसले होते. दारातून दोघं दिसत होते. मला ओरडायचं होतं की दोघंही बाहेर या, काही नको तो कोबा. पण पोरीचे पाय मुठीत धरलेले, ते कोमट आहेत की गार तेही धड कळत नव्हतं, आणि ऊन आता पायरीवरून सरकायला लागलं होतं.

आईनं चपला काढल्या. आयुष्यभर जिनं फ्रिजला हात लावायच्या आधी पदरानं हात पुसले, ती लुगड्याचा काठ उचलून सरळ त्या पाण्यात जाऊन बाबांच्या शेजारी उभी राहिली.

"अगं, तू कुठे?"

"गप्प बसा."

एका हातानं तिनं बाबांचं मनगट धरलं. आमच्या घरात असं कोणी कोणाचा हात धरत नसे. दुसरा हात लांब करून तिनं डोळे मिटले आणि स्विच दाबला.

काही झालं नाही. स्विच पडला नाही. दोघं तशीच उभी. आईनं एक डोळा उघडला, मग दुसरा.

"तापतंय का?" तिनं विचारलं.

"वेळ लागतो. माहीत आहे ना तुला."

"किती?"

"उभी राहा की जरा."

ती राहिली. मनगट काही सोडलं नाही. अंगणातलं ऊन पार भिंतीवर चढलं, आणि दोघं त्या ओल्या कोब्यावर उभीच. मध्येच आई काहीतरी कुजबुजली, बाबा हसले. मिल बंद पडल्यावर इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मग आईनं पाऊल उचललं, पुन्हा टेकवलं, थोडं बाजूला टेकवलं, तिसऱ्या ठिकाणी टेकवून बघितलं. आणि दाराकडे वळून माझ्यावरच खेकसली.

"बसलीस काय तोंडाकडे बघत? आण की तिला आत, गरम झालंय!"